बालकाची व्याधी : कर्मविचार आणि कर्तव्यविचार

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचे यथार्थ ज्ञान हा आपल्या ब्रह्मविद्येचा पाया होय. या चारांपैकी प्रपंच अनित्य आहे, देह हा प्रपंचाचाच भाग आहे, म्हणून देहाला व्याधी जडणे स्वाभाविक आहे, हे उपदेश घेतलेला प्रत्येक वासनिक जाणतो. वृद्धाचे दुखणे पाहताना हे तत्त्व मनाला सहज पटते. परंतु दोन वर्षांचे लेकरू हातापायांच्या ठणक्याने रात्रभर कण्हत असता त्याच्या मायबापांपुढे हेच तत्त्व मांडू लागावे, तर सांगणाऱ्याचीच जीभ अडखळते. तत्त्व खोटे नसते. मात्र ते कोणी, कोणाला, कोणत्या वेळी आणि कोणत्या हेतूने सांगावे याचाही एक धर्म आहे. त्या धर्माचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

घरातील मूल दीर्घ व्याधीने ग्रस्त झाले की त्या घरावर दोन संकटे येतात. पहिले संकट व्याधीचे. आमच्या नांदगाव पेठेसारख्या महामार्गावरील गावातून आधी अमरावतीचे इर्विन रुग्णालय, तेथे भागले नाही तर नागपूरचे मेडिकल, अशा खेपा सुरू होतात. ऐन पेरणीत किंवा वेचणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून राहतो, मजुरी बुडते, उसनवारी वाढते, थोरल्या भावंडांची शाळा सुटते. हे संकट डोळ्यांना दिसते आणि त्यासाठी चार माणसे धावूनही येतात.

दुसरे संकट शब्दांचे असते. भेटीला आलेला प्रत्येक जण औषधाची चौकशी करून झाल्यावर हलक्या आवाजात विचारतो, “असे कसे झाले हो? घराण्यात कोणाला होते का?” कोणी म्हणतो, पूर्वजन्मीचे काही असेल. कोणी म्हणतो, सुनेचा पायगुण. कोणी कुळातील राहून गेलेल्या नवसाची आठवण देतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. पुष्कळदा सांत्वनाला शब्द न सापडल्यामुळे माणूस कारणाकडे वळतो. परंतु ऐकणारी माय ते शब्द उशाशी घेऊन झोपते. व्याधी मुलाला असते आणि आरोप तिच्यावर येतो.

पूर्वपक्ष

येथे कोणी म्हणेल, ‘कर्मावाचून भोग नाही, हा शास्त्राचा सिद्धांत आहे. बालकाला भोग आहे, म्हणजे त्यामागे कर्म असलेच पाहिजे. मग ते बोलून दाखविण्यात दोष कोणता? उलट मायबापांना कर्माची जाणीव करून दिल्यास त्यांचे चित्त शांत होईल आणि ते परमेश्वराकडे वळतील.’

हा पक्ष वरवर शास्त्रशुद्ध वाटतो, म्हणूनच त्याची चिकित्सा करणे अवश्य आहे. ती करण्यापूर्वी एका प्रत्यक्ष व्याधीचे स्वरूप पाहू. विदर्भात ती घरोघरी परिचित आहे, आणि ‘दोष कोणाचा’ हा प्रश्न तिच्याइतका तीव्रपणे दुसऱ्या क्वचितच एखाद्या दुखण्यात विचारला जातो.

सिकलसेल : एक उदाहरण

या व्याधीला आपल्याकडे सिकलसेल याच नावाने ओळखतात. रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचिक असाव्यात. या व्याधीत त्या विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त सतत कमी पडते. ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की त्या ठिकाणी असह्य वेदना होतात. भारतात निलगिरीच्या डोंगरांतील लोकांमध्ये ही व्याधी १९५२ मध्ये प्रथम नोंदली गेली, आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी या नागपूरच्या वैद्यकांनी मध्य भारतातील तिच्या अस्तित्वाची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मेळघाटातील कोरकूंपासून गोंडांपर्यंत आणि गावखेड्यांतील इतर अनेक समाजांत ती आढळते.

या व्याधीच्या तीन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट काळाची. जन्मतः बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि ते त्याचे रक्षण करते. काही महिन्यांत ते ओसरू लागते, आणि साधारणतः सहा महिन्यांनंतर हातापायांना सूज, ताप, ठणका अशी लक्षणे दिसू लागतात. घरच्यांना मात्र एवढेच दिसते, की बारशापर्यंत गुटगुटीत असलेले मूल एकाएकी सुकले. मग त्या सुमारास घरात काय घडले याचा शोध सुरू होतो. कोण आले होते, कोणाची नजर लागली, माय कोणत्या वाटेने माहेराहून आली, असे प्रश्न निघतात. दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरते, हा मनाचा जुना भ्रम आहे. खरे कारण मूल जन्मण्यापूर्वीपासून त्याच्या रक्तात होते.

दुसरी गोष्ट वारशाची. ही व्याधी एकट्या आईकडून येत नाही आणि एकट्या बापाकडूनही येत नाही. दोघेही वाहक असतील, म्हणजे आपल्या भागात ज्याला ‘एएस’ म्हणतात तसे असतील, तेव्हा प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक एवढी शक्यता मूल ‘एसएस’ म्हणजे व्याधिग्रस्त होण्याची असते, चारांत दोन वाहक होण्याची, आणि चारांत एक पूर्ण निर्दोष होण्याची. वाहक मनुष्य सामान्यतः धडधाकट असतो. रक्त तपासल्यावाचून त्याला स्वतःलाही ते कळत नाही. ज्या घरांतून सुनेला ‘तुझ्या रक्ताचा दोष’ म्हणून माहेरी धाडले जाते, तेथे दिलेला निवाडा साफ असत्य असतो. तेवढाच अंश तिच्या पतीकडून, म्हणजे निवाडा देणाऱ्यांच्याच कुळातून, आलेला असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत विचारप्रवर्तक आहे. हा गुण पिढ्यानुपिढ्या टिकला कसा? १९५४ मध्ये अ‍ॅलिसन या संशोधकाने आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले, की वाहकांना प्राणघातक हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. म्हणजे हिवतापाच्या प्रदेशात ज्यांच्या रक्तात हा अंश होता ती लेकरे अधिक वाचली, मोठी झाली, त्यांचे वंश चालले. ज्याला आज आपण घराण्याचा डाग म्हणतो, त्याच्याच आधाराने कधीकाळी ती घराणी तगली. तोच अंश दोन बाजूंनी एकत्र आला की बालकाला पीडा होते. यात पाप कोणाचे शोधावे?

उत्तरपक्ष

आता पूर्वपक्षाकडे वळू. कर्मावाचून भोग नाही हे मान्य करूनही त्यातून काढलेला निष्कर्ष तीन कारणांनी टिकत नाही.

एक. अमुक भोग अमुक कर्माचा, हे जाणण्याचे सामर्थ्य जीवाजवळ नाही. जीव अनादि अविद्येने वेढलेला आहे. त्याला स्वतःचे मागील जन्मीचे आठवत नाही, मग दुसऱ्याचे कोठून कळणार? ते जाणणारा एकच, आणि म्हणूनच आपण श्रीचक्रधरांना सर्वज्ञ म्हणतो. शेजाऱ्याच्या बालकाकडे पाहून जो त्याच्या पूर्वकर्माचा निवाडा करतो, तो नकळत सर्वज्ञाच्या आसनावर बसू पाहतो. कर्मसिद्धांत सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्याची वही उघडून दुसऱ्याच्या नावापुढे नोंद करण्याचा नाही.

दोन. कर्म ज्या जीवाचे, भोगही त्याच जीवाचा. मायबापांचे पाप मुलाला भोवते, असे बोलणारा कर्मसिद्धांत मांडत नसून तो मोडीत काढत असतो. बालकाचा जीव हा स्वतंत्र जीव आहे, मायबापांच्या खात्यावरची ती रक्कम नव्हे. याच न्यायाने, लेकराचे दुखणे आपल्यावर यावे म्हणून माय जी आळवणी करते, तिचाही विचार करावा लागतो. व्हिएडा स्कल्टन्स या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. आजारी माणसाबरोबर आलेल्या घरच्या स्त्रिया घराची पीडा स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ पाहतात, असे त्यांनी त्यात नोंदविले आहे. या त्यागापुढे मस्तक नमते. परंतु शास्त्रदृष्ट्या भोगाची अदलाबदल होत नाही, हे त्या मातेला कोणीतरी प्रेमाने सांगितले पाहिजे. ती उपाशी राहिली, अंगाला क्लेश करून घेतले, म्हणून मुलाचा ठणका कमी होत नाही. उलट त्याची शुश्रूषा करणारे हात तेवढे दुर्बळ होतात. घराची सर्व पीडा स्त्रीने वाहावी अशी अपेक्षा बाळगणारे बाकीचे घर मात्र आपल्या वाट्यापासून सुटते, हा त्यातील दुसरा दोष.

तीन. अहिंसा हा आपल्या आचाराचा प्राण आहे, आणि ती काया, वाचा व मन अशा तिन्ही अंगांनी पाळावयाची आहे. पारध्यांनी पाठलाग केलेल्या सशाला श्रीचक्रधरांनी अभय दिल्याची लीळा आपण आवडीने सांगतो. शरण आलेल्या सशाची त्या वेळी कर्मचौकशी झाली नाही. दुखणेकऱ्याच्या मायबापांना ‘तुमचे काही असेल’ म्हणणे ही वाचिक हिंसा होय. शब्द शास्त्राचे असले तरी घाव तोच होतो. परमेश्वराला जीवोद्धाराचे व्यसन आहे असे आपले शास्त्र सांगते. म्हणून ‘देवाने शिक्षा दिली’ हे वाक्यही महानुभावाच्या मुखी शोभत नाही.

दृष्टांत

आपल्या पूर्वसूरींनी दृष्टांताने विषय सुबोध केला. त्याच रीतीने एक साधा दृष्टांत घेऊ.

एक कास्तकार मृगाच्या पावसानंतर पांधणीतून बंडी घेऊन निघाला. बंडीत घरची माणसे होती. काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुतले. बैल गुडघ्यांवर आले. वाटेने गावचे तिघे जण आले. पहिला म्हणाला, “या वाटेने कशाला आलास?” दुसरा म्हणाला, “बंडी घेतानाच आस पाहून घ्यायला हवा होता.” तिसरा काही बोलला नाही. त्याने धोतर खोचले, चिखलात उतरला आणि चाकाला खांदा दिला.

दार्ष्टांतिक असे : बंडी म्हणजे घर, बैल म्हणजे मायबाप, रुतलेले चाक म्हणजे बालकाची व्याधी. पांधणीतली चाकोरी त्या कास्तकाराने पाडली नव्हती. त्याच्या आधी गेलेल्या शेकडो बंड्यांनी ती पाडली, आणि त्यांपैकी कोणाच्याही मनात पुढच्याला रुतविण्याचा हेतू नव्हता. पहिल्या दोघांचे प्रश्न निरर्थक नव्हेत. पाऊस सरल्यावर पांधण दुरुस्त करताना ते विचारावेच लागतात. पण चाक चिखलात असताना जो नुसते प्रश्न विचारून पुढे जातो, त्याने शास्त्र सांगितले तरी धर्म पाळला नाही.

कर्तव्यविचार

आता चाकाला खांदा देणे म्हणजे नेमके काय करणे, हे पाहू.

प्रथम औषधाविषयी. देवतांची फळे नाशवंत आहेत आणि अनन्यभक्तीत नवसाला स्थान नाही, हे आपण जाणतो. तरी व्याकुळ झालेला बाप अंगारा, गंडा-दोरा यांच्या मागे धावतो. त्याची निर्भर्त्सना करू नये. तो अज्ञानामुळे धावतो त्यापेक्षा स्वस्थ बसवत नाही म्हणून अधिक धावतो. त्याला करण्याजोगे खरे काम दाखवून द्यावे. सिकलसेलच्या मुलाला भरपूर पाणी पाजणे, थंडी व अतिश्रम यांपासून जपणे, ताप येताच वेळ न दवडता रुग्णालयात नेणे, लसी चुकू न देणे, वैद्यांनी सांगितले असल्यास हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या एकही दिवस न चुकवता देणे : हे सारे त्याच्या हातातले आहे, आणि याने वेदनेचे झटके खरोखर कमी होतात. औषध घेणे म्हणजे परमेश्वरावर अविश्वास दाखविणे, असा समज कोणाचा असेल तर तो सोडावा. देह हे साधनेचे साधन आहे. त्याचे रक्षण हा आळस किंवा आसक्ती नव्हे.

दुसरे नवसाच्या एका विशेष प्रकाराविषयी. ‘लेकरू बरे झाले तर मार्गाला अर्पण करू’ असे कोणी म्हणतो. भाव शुद्ध असला तरी हा व्यवहार झाला, आणि तोही दुसऱ्याच्या आयुष्याचा. अनुसरण हे ज्याचे त्याला बोध होऊन, वैराग्य होऊन घडावयाचे असते. दुखण्याच्या मोबदल्यात देऊ केलेले मूल आश्रमात आले तरी अनुसरले असे होत नाही. महंतांनी अशा मायबापांना प्रेमाने थांबवावे, हे उचित.

तिसरे मुलाविषयी. पुष्कळ घरांत मुलापासून सारे लपवितात. मूल मात्र मायबापांचे चेहरे वाचते, आणि न सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ ‘मीच काही वाईट केले’ असा लावते. त्याच्या वयाला झेपेल एवढे सत्य त्याला सांगावे : तुझ्या रक्तात जन्मतः एक उणीव आहे, ती कोणाच्या चुकीने आलेली नाही, आणि ती सांभाळण्यासाठी आम्ही सारे आहोत. या व्याधीचे मूल झटका नसताना इतरांसारखेच दिसते, म्हणून शाळेत त्याला आळशी किंवा ढोंगी ठरविले जाते. गुरुजींना भेटून हे समजावून देणे हेही पालकांचे कर्तव्य. तसेच घरातील निरोगी भावंडांना विसरू नये. त्यांची भूक, त्यांचे अभ्यास, त्यांचे रुसवे यांकडे लक्ष देण्याचे काम नातलग आणि शेजारी सहज उचलू शकतात.

चौथे बापाविषयी. माय रडते म्हणून तिला धीर देणारे भेटतात. बाप बोलत नाही म्हणून तो खंबीर आहे असे लोक समजतात. त्याच्या मौनात कर्जाचा हिशेब आणि स्वतःविषयीचा रोष दोन्ही असतात. त्याच्याशेजारी जाऊन बसणारा एक जण तरी असावा.

पाचवे समाजाविषयी. नागपूरच्या संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल असल्याचे निष्पन्न झाले. आपल्या घरचे दुःख घरात कोंडून न ठेवता त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि अशा हजारो घरांच्या तपासणीसाठी, औषधांसाठी व हक्कांसाठी आयुष्य वेचले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. ‘हे आमच्याच वाट्याला का’ असे विचारण्याचा अधिकार त्यांना होता. त्यांनी ‘हे आणखी कोणाच्या वाट्याला आहे’ असे विचारले, आणि त्या प्रश्नाने कामाला हात दिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत या व्याधीचे उच्चाटन करणे हे तिचे उद्दिष्ट आहे. विवाह ठरविण्यापूर्वी उभयतांनी रक्त तपासून घ्यावे, हा तिच्यातील साधा पण मोठा उपाय. दोन वाहकांचा विवाह म्हणजे पाप नव्हे. पण जाणूनबुजून डोळे मिटून घेणे हाही धर्म नव्हे. मात्र ही तपासणी मुलींना नाकारण्याचे नवे निमित्त होऊ नये. वाहक मुलगा आणि वाहक मुलगी यांत तिळमात्र अंतर नाही.

एक शंका

कोणी विचारेल, ‘हे सारे करूनही मूल वाचले नाही तर?’ या शंकेला आडपडदा न ठेवता उत्तर दिले पाहिजे. काही मुले वाचत नाहीत. अस्थिमज्जेच्या रोपणाने व्याधी मुळापासून जाऊ शकते, परंतु जुळणारा दाता थोड्यांनाच मिळतो. २०२३ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत मान्यता मिळालेले जनुकीय उपचार आपल्या घरांच्या आवाक्यापलीकडचे आहेत. अशा वेळी, प्रपंच अनित्य आहे हे वचन मायबापांच्या तोंडावर फेकून आपण मोकळे होऊ नये. शोक हा अज्ञानाचा पुरावा नव्हे. श्रीप्रभूंच्या वियोगाने आचार्य नागदेव व त्यांचे सांगाती व्याकुळ झाले. त्यांच्या शोकाला आपण अज्ञान म्हणत नाही. ईश्वरवियोग आणि पुत्रवियोग यांची बरोबरी होत नाही हे खरे. परंतु व्याकुळ झालेल्या हृदयाजवळ कसे बसावे हे त्या पूर्वजांकडून शिकता येते : एकत्र राहून, आठवण काढून, नाम घेऊन.

दुसरी शंका : ‘मग प्रार्थना कशाला?’ प्रार्थना हा सौदा नव्हे. तिने व्याधी जाईलच असे वचन देता येत नाही. परंतु स्मरणाने चित्त स्थिर होते, आणि स्थिर चित्ताची माय रात्री तीन वाजता गोळीची वेळ विसरत नाही, चिडत नाही, मुलाचा हात सोडत नाही. एवढे फळ लहान समजू नये.

उपसंहार

तात्पर्य, कर्मसिद्धांत हा आरसा आहे. तो आपल्या मुखासमोर धरावा, दुसऱ्याच्या मुखासमोर धरू नये. स्वतःच्या वाट्याच्या दुःखात जो ‘माझे कर्म’ म्हणून शांत होतो त्याचे ते ज्ञान होय. दुसऱ्याच्या दुःखात जो ‘त्याचे कर्म’ म्हणून शांत होतो त्याचे ते निर्दयपण होय. शब्द तेच असले तरी त्यांत दिवस-रात्रीचे अंतर आहे.

याच जिल्ह्यातील रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंनी वास केला. मायबापांचे छत्र बालपणीच हरपलेल्या श्रीप्रभूंना त्या गावच्या लोकांनी आपले मायबाप मानले. त्यांच्या गमनागमनाला घरांचा वा जातीचा भेद नव्हता. त्या भूमीचे वारस म्हणविणाऱ्या आपण भिक्षूंनी आणि वासनिकांनी आपापल्या गावात एवढे जरी ठरविले, की दुखणाईत लेकराच्या घरी कारण विचारायला जायचे नाही, रात्रीच्या जागरणाची पाळी, शेतातले काम, रुग्णालयाची खेप किंवा भावंडांचे जेवण यांपैकी काहीतरी उचलायला जायचे, तरी शास्त्राचे निरूपण आचारात उतरले असे म्हणता येईल.



नांदगाव पेठ, जि. अमरावती